भाचा .१४३ वर आहे, ग्रुपवर बोंब आहे

प्रश्न : माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत कॉलेजच्या बेसबॉल टीममध्ये आहे, पहिलंच वर्ष, आणि कॉलेज पार उत्तरेला बर्फात. सीझनच्या आठ मॅच झाल्या, चार जिंकल्या चार हरल्या. टीमचं बॅटिंग .३१२ आणि पिचिंगचा इआरए ६.४० आहे म्हणे, यात चांगलं काय नि वाईट काय मला कळत नाही. भाच्याच्या नावावर २१ पैकी ३ हिट, म्हणजे .१४३. सहा वेळा तो नुसता चालत पहिल्या बेसवर गेला पण ते त्यात धरतच नाहीत. फॅमिली ग्रुपवर त्याच्या बाबांनी ‘फेल’ असं लिहिलं, पोराने ग्रुपच सोडला. मी शनिवारी पहाटे पाचचा गजर लावून मॅच बघते आणि कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितो त्याच चौकटीत त्याचे हिट लिहिते. खरंच इतकं वाईट चाललंय का?
— एक मावशी, कोथरूड

उत्तर : काकू, आधी त्या बाबांना सांगा की जरा दम धरा. आपल्या डोक्यात क्रिकेटचं ॲव्हरेज बसलंय म्हणून घोळ होतो. इथे .३०० म्हणजे दहा वेळा बॅटिंगला उभं राहून तीनदा हिट (बॉल मारून बेसवर पोचणं), सातदा आउट, आणि तरी तो बॅटर चांगला. टेड विल्यम्स नावाच्या बॅटरने १९४१ साली .४०६ मारलं ते लोक आजही सांगतात, म्हणजे तोसुद्धा निम्म्याहून जास्त वेळा हिट न मारताच राहिला. तेव्हा टीमचं .३१२ छानच आहे.

आता भाचा. वॉक (पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्याने, चार बॉल बाहेर टाकले की फुकटात मिळणारा पहिला बेस) मिळाला की तो बॅटिंगच्या हिशोबात धरत नाहीत हे बरोबर, पण बेसवर किती वेळा पोचला याचा वेगळा आकडा असतो, तो काढा. २१ अधिक ६ म्हणजे २७ वेळा उभा राहिला, त्यात ९ वेळा बेसवर पोचला, म्हणजे .३३३! पहिल्या वर्षाचा पोरगा, समोर त्याच्याहून तीन-चार वर्षांनी मोठे पिचर, आणि तो बाहेरचा बॉल सोडतोय, मोह होत नाहीये त्याला. मी कोच असतो तर त्याला बसवला नसता. हिट येतील की. २१ मध्ये तीनाच्या जागी सहा पडले असते तर .२८६ झालं असतं, आणि ते तीन म्हणजे काय तर एखादा बॉल शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरच्या) ग्लोव्हच्या वीतभर बाजूने गेला असता इतकाच फरक.

मी स्वतः पुण्यात कॉलेजकडून खेळायचो तेव्हा आंतरमहाविद्यालयीनच्या पहिल्या दोन मॅचमध्ये ७ पैकी ४ हिट मारले, .५७१, घरी येऊन आईला सांगितलं की आता युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये सिलेक्शन पक्कं. पुढच्या तीन मॅचमध्ये ११ वेळा गेलो आणि भोपळा. .२२२ वर आलो, सिलेक्शन कुठलं, राखीवमध्येसुद्धा नाव नव्हतं. आई बरेच दिवस विचारत होती, ते सिलेक्शनचं काय झालं रे.

पिचिंगचा ६.४० दिसायला वाईट आहे, पण इआरए म्हणजे नऊ इनिंगला पिचरच्या चुकीने किती रन गेले (फिल्डिंगच्या एररमुळे गेलेले सोडून), आणि सुरुवातीला हा आकडा एका मॅचमध्ये बिघडतो. समजा एका पोराने चार इनिंग टाकल्या, रन शून्य, इआरए ०.००, सगळे खूश. पुढच्या वेळी एकच आउट काढला आणि पाच रन दिले. आता त्याच्या ४.१ इनिंग झाल्या (हे क्रिकेटच्या ओव्हरसारखं वाचायचं, चार इनिंग आणि एक आउट) आणि इआरए झाला १०.३८. त्यानंतर पाच इनिंग स्वच्छ टाकल्या की लगेच ४.८२. पोरगा तोच, हात तोच.

त्यात तुमची टीम उत्तरेची. सीझन फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो तेव्हा तिकडे मैदानावर बर्फ असतो, म्हणजे सराव बंद हॉलमध्ये जाळी लावून आणि पहिले काही आठवडे सामान बांधून दक्षिणेला दुसऱ्यांच्या मैदानावर खेळायचं. हॉलमध्ये बॅटिंगचा सराव होतो पण आकाशातून खाली येणारा उंच बॉल कुठे दिसणार, मग आउटफिल्डरचा अंदाज चुकतो, बॉल मागे पडतो, आणि कुणी हातच लावला नाही म्हणून त्याला एरर न देता हिट धरतात, खापर पिचरच्या इआरएवर. थंडी असेल तर बॉल बोटांतून सटकतो, वॉक वाढतात. कोचही सुरुवातीला कुणाला दमवत नाही, मेन पिचरला साठ-सत्तर बॉलनंतर काढतो मग तो कितीही छान टाकत असो, आणि पुढे येतात नवखे. शुक्रवार ते रविवार तीन मॅचची सिरीज असते, शुक्रवारी टीमचा एक नंबरचा पिचर, तुम्ही शनिवारी पहाटे बघता तो. मंगळवारी एखादी मधली मॅच, तिला उरलेसुरले पिचर, तिथे १२-११ असले स्कोअर होतात आणि महिन्याचा इआरए वाहून जातो. तेव्हा शुक्रवारच्या मॅचचा आकडा वेगळा काढून बघा, चित्र बदलेल.

कॅलेंडरच्या चौकटीत हिटच्या शेजारी दोन गोष्टी अजून लिहा, भाच्याचे वॉक आणि स्ट्राइक आउट (तीन स्ट्राइक होऊन आउट). पिचरचंही तेच. हे दोन आकडे लवकर खरं बोलायला लागतात, ॲव्हरेज आणि इआरए उशिरा. मार्चच्या मध्यापासून बहुतेक टीमच्या कॉन्फरन्सच्या (आपल्या गटातल्या कॉलेजांशी) मॅच सुरू होतात, तोलामोलाच्या टीमशी, त्यानंतरचं एप्रिलमध्ये मला कळवा. एकूण पन्नासच्या वर मॅच असतात, आठ म्हणजे अजून पोह्यांना फोडणीच बसतेय. तो पिचर कुमार रॉकर आठवा, आई भारतीय वंशाची आहे त्याची, कॉलेजच्या पहिल्याच वर्षी व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीकडून ड्यूक युनिव्हर्सिटीविरुद्ध एकही हिट न देता १९ जण स्ट्राइक आउट केले, ते २०१९ च्या जूनमध्ये, फेब्रुवारीत नाही.

आणि हो, मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास पुढे जातं, म्हणजे तुमचा पाचचा गजर चारचा होईल. तेवढं सांभाळा, दूधवाला त्यानंतर येईल.

प्रश्न : मी एफवायला आहे, १८ वर्षं. आधी क्रिकेटमध्ये फास्ट बॉलर होतो, आता कॉलेजच्या टीमचा पिचर. पहिल्या मॅचमध्ये १०० च्या वर बॉल टाकले, एक दिवस सोडून परत टाकायला लावले कारण दुसरा पिचरच नाही. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय. स्पीडपण कमी झालाय, आधीचे बॅटर चुकायचे आता सगळे मारतायत. ॲक्शन बदलू का?
— सिंहगड रोड

उत्तर : ॲक्शन राहू दे, आधी बॉल टाकणं थांबव. बॉलिंग आणि पिचिंग सारखं वाटतं पण बॉलिंगमध्ये कोपर जवळजवळ सरळ, इथे कोपर वाकवून चाबकासारखा हात फेकायचा, सगळा ताण कोपराच्या आतल्या लिगामेंटवर. तुझं दुखतंय ती नेमकी तीच जागा. ते लिगामेंट फाटलं की जे ऑपरेशन करतात ते १९७४ साली टॉमी जॉन नावाच्या पिचरवर पहिल्यांदा झालं म्हणून त्याचंच नाव पडलं, आणि त्यातून परत यायला वर्षभर सहज जातं. अमेरिकेत मेजर लीगने (तिथली सगळ्यात मोठी बेसबॉल लीग) १७-१८ वर्षांच्या मुलांसाठी आखून दिलेला हिशोब असा की एका दिवसात जास्तीत जास्त १०५ बॉल, आणि ८० च्या वर गेलात तर चार दिवस पिचिंग नाही. तू एका दिवसाने परत उभा राहिलास. स्पीड म्हणूनच गेला आणि बॅटर म्हणूनच मारतायत, यात ॲक्शनचा काही दोष नाही रे. या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरला दाखव, ‘बर्फ लाव होईल बरं’ असं टीममधलं कुणी म्हणालं तरी दाखव. दुसरा पिचर नाही हा तुझा प्रॉब्लेम नाही, सरांचा आहे. थर्ड बेसवर जो उभा असतो त्याचा हात बहुतेक चांगला असतो, त्याला आत्तापासून माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) न्या, स्ट्राइक, म्हणजे बाहेर न जाणारे बॉल, टाकता आले तरी पुरे.

प्रश्न : नातवाने स्कोअर दाखवला, हिट ११ आणि रन २. हिट आणि रन वेगळे कसे? उत्तर थोडक्यात द्यावे, मागच्या अंकात फार लांबले होते.
— एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : हिट म्हणजे बॉल मारून बेसवर पोचला, रन म्हणजे सगळे बेस फिरून घरी आला. अकरा पोचले, दोन आले, बाकीचे वाटेत राहिले. संपलं.