नुकतेच घरी आणलेले छोटे कासव काहीच खात नाही. त्याला काय द्यावे?

आपण लिहिले आहे की दुकानातून आणलेले, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले हिरवे कासव आठवडा झाला तरी तोंड उघडत नाही आणि घरातील वडीलधारे ‘कासव सहा-सहा महिने उपाशी राहते, काळजी करू नकोस’ असे सांगत आहेत. पहिल्या गोष्टीला उपाय आहे. दुसऱ्या वाक्याशी माझे जुने वैर आहे, त्यामुळे आधी त्याविषयी लिहिते.

आमच्या थोरल्या दिरांनी माझ्या पुतणीला तिच्या वाढदिवसाला अगदी असेच कासव आणून दिले होते आणि ते खात नाही म्हणून ती रडू लागली तेव्हा तिला हेच वाक्य ऐकवले होते. नाशिकचा डिसेंबर होता. कासव स्टीलच्या परातीत, बोटभर पाण्यात, कडाप्प्याच्या ओट्यावर ठेवलेले होते. दुकानदाराने दिलेली सुकट त्या पाण्यात फुगून पाणी गढूळ झाले होते, आणि घरात येणारा प्रत्येक पाहुणा कासवाला उचलून, उलटे करून, त्याचे पोट पाहून परत ठेवत होता. मी थर्मामीटर बुडवून पाहिला तेव्हा पाणी सतरा अंशांवर होते. पुतणीच्या परवानगीने मी ते कासव माझ्या घरी आणले, कारण माझ्याकडे माशांची जुनी काचेची टाकी रिकामी पडून होती.

त्या टाकीत मी कासवाला सहज उलटून सरळ होता येईल इतके खोल पाणी भरले, माशांच्या टाकीत वापरतात तो हीटर लावून पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांवर ठेवले, एका कोपऱ्यात पाण्याबाहेर डोकावेल अशी वीट ठेवली आणि तिच्यावर दिवा असा टांगला की विटेवर सुमारे बत्तीस अंश उष्णता मिळावी. तीन बाजूंना जाड कागद चिकटवला आणि कोणीही हात घालायचा नाही, असा नियम केला. सुरुवातीला तेथेही त्याने काही खाल्ले नाही. मग एके दिवशी ते विटेवर चढलेले दिसले: मान पूर्ण बाहेर, मागचे दोन्ही पाय ताणलेले, बोटांमधील पडदे पंख्यासारखे पसरलेले. कासव असे ऊन खाऊ लागले की ते रुळले, असे मी समजते. त्यानंतर कुंडीतून काढलेले एक गांडूळ चिमट्यात धरून पाण्यात हलवले, तेव्हा त्याने आधी डोके वळवले, मग एकदम मान फेकून ते पकडले आणि पुढच्या पायांच्या नख्यांनी ओरबाडून त्याचा तुकडा तोडला. पुतणी शेजारीच उभी होती. दीर मात्र म्हणाले, “खाल्लेच की शेवटी! वेळ आली, खाल्ले. हीटरचा काय संबंध?”

संबंध आहे, आणि तो असा आहे. कासवाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. भूक आणि पचन दोन्ही आजूबाजूच्या तापमानावर चालतात. रानातले निरोगी, मोठे कासव थंडीत महिनोन्महिने खात नाही हे खरे आहे, परंतु ते उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर आणि जवळजवळ थांबलेल्या शरीरव्यापारावर जगते. दुकानातल्या गर्दीतून आलेल्या, तळहाताएवढ्याही नसलेल्या पिल्लाजवळ असा साठा नसतो, आणि सतरा-अठरा अंशांच्या पाण्यात त्याला धड झोपही लागत नाही आणि धड खाताही येत नाही. अशा वेळी त्याने चुकून काही गिळले तरी ते पोटात पचण्याऐवजी कुजते. म्हणून खाणे बदलून बदलून पाहण्याआधी पाणी गरम करा आणि पिल्लाला एकटे सोडा. वरून येणारा हात त्याला घारीसारखाच वाटतो. ‘हाताळल्याने माणसाळते’ हे कुत्र्याच्या पिल्लाबाबत म्हणा, कासवाबाबत म्हणू नका.

उन्हाविषयीही आमच्या घरी असाच वाद झाला होता. बंद खिडकीच्या काचेतून आलेले ऊन उबेपुरते उपयोगी असते, परंतु कवच आणि हाडे घट्ट होण्यासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते. सकाळचे कोवळे ऊन थेट मिळू द्या, टाकीचा अर्धा भाग सावलीत ठेवा आणि तेथून हलू नका. ते शक्य नसेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारा, अतिनील किरण देणारा यूव्हीबी दिवा घ्या.

आता आपण विचारलेले खाणे. लाल पट्ट्याची ही कासवे पाण्यातच गिळू शकतात, त्यामुळे खाणे पाण्यातच द्यावे. सुरुवातीला जिवंत गांडूळ किंवा बिनमिठाचा उकडलेला मासा, मग कासवांसाठीचे पेलेट म्हणजे तयार खाद्याचे दाणे, आणि हळूहळू गाजर, लाल भोपळा व लेट्यूस. कॅल्शियमसाठी पाण्यात समुद्रफेसाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा टाकून ठेवा. नुसत्या सुकटीवर वाढवलेल्या पिल्लाला जीवनसत्त्व अ आणि कॅल्शियम कमी पडते. पोळी, भात, दूध काहीही देऊ नये.

दिरांचे शेवटचे मत असे होते की एवढा खटाटोप करण्यापेक्षा ते गोदावरीवरील गंगापूर धरणात सोडून द्यावे, पुण्य लागेल. आपल्यालाही कोणीतरी असे सुचवेलच. हे कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपीच्या खोऱ्यातले आहे, जगातील सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचे नाव आहे, आणि गोदावरीतील आपल्या देशी कासवांचे खाणे व ऊन खाण्याच्या जागा ते बळकावू शकते. यात पुण्य कसले? मादी वाढून पंचवीस-तीस सेंटीमीटरची होते आणि वीस-तीस वर्षे जगते, हे वाढदिवसाची भेट आणण्याआधी विचारात घ्यायचे असते. सांभाळणे खरोखर अशक्य असेल तर सांभाळणारे दुसरे घर शोधावे.

काही गोष्टी राहिल्या. आपण मुंबई किंवा कोकणात असाल तर वर्षातील बहुतेक काळ हीटरची गरज पडणार नाही. कासवाच्या पाठीवर पिवळ्या चांदण्यांसारखी नक्षी असेल तर वरील काहीही लागू होत नाही: ते जमिनीवरचे, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित कासव आहे, ते घरी ठेवणे गुन्हा आहे, आणि त्यासाठी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. घरात लहान मुले असतील तर कासवाला किंवा त्याच्या पाण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय लावा. कासवांच्या अंगावर असू शकणाऱ्या, जुलाब आणि ताप आणणाऱ्या साल्मोनेला या जिवाणूच्या भीतीने अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासवे विकण्यावर १९७५पासून बंदी आहे. डोळे सुजून मिटले असतील, नाकातोंडातून बुडबुडे येत असतील किंवा ते एका बाजूला कलून पोहत असेल, तर माझे हे उत्तर बाजूला ठेवून पक्षी आणि सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्याकडे आजच जा. नेताना डब्यात पाणी भरू नका, ओले फडके अंथरा, आणि टाकीतील पाण्याचे तापमान लिहून न्या. डॉक्टर ते बहुधा सर्वांत आधी विचारतील.