फ्लूच्या लसीनंतर नसांचा विकार : भरपाई मागायची कुणाकडे?

प्रश्न : वडिलांनी (वय 63) खासगी दवाखान्यात फ्लूची लस घेतली. बाराव्या दिवशी पायांना मुंग्या आल्या आणि तीन दिवसांत जिना चढणं बंद झालं. निदान गुलेन-बारी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. अमेरिकेत अशा रुग्णांना भरपाई मिळते म्हणे. नागपुरात अर्ज कुठे करायचा? – एक वाचक, मनीषनगर

उत्तर : तसा अर्ज घेणारी योजना आपल्याकडे नाही. अमेरिकेत लसीच्या डोसवर 75 सेंट कर लावून निधी उभारला आहे. फ्लूच्या लसीनंतर 3 ते 42 दिवसांत जीबीएस सुरू झाला आणि दुसरं कारण दिसलं नाही, तर 2017 पासून तिथे दोष लसीचाच धरतात. आपल्याकडे ग्राहक आयोगात किंवा दिवाणी न्यायालयात जावं लागतं, आणि आजार लसीमुळेच झाला व त्यात कुणाची तरी चूक होती, या दोन्ही गोष्टी तुम्हालाच सिद्ध कराव्या लागतात.

पहिली गोष्टच जड जाते. लसीमुळे जीबीएस होण्याचं प्रमाण दहा लाख डोसमागे एक-दोन इतकं आहे. जुलाब किंवा खुद्द फ्लू झाल्यावर तो अधिक होतो. 2025 च्या सुरुवातीला पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएसची साथ आली, तेव्हा रुग्णांच्या शौच तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाब करणारा जंतू सापडला होता. त्यामुळे समोरचा वकील आधी हेच विचारणार : मधल्या काळात पोट बिघडलं होतं का? याचं उत्तर भरतीच्या दिवशी लिहिलेल्या केसपेपरवर असतं, डिस्चार्ज कार्डावर बहुधा नसतं. म्हणून पूर्ण इनडोअर पेपर (भरती असतानाच्या सगळ्या नोंदी) लेखी अर्ज देऊन मागा. 2002 च्या वैद्यकीय नियमांनुसार ते 72 तासांत द्यावे लागतात. पाठीच्या पाण्याचा, एनसीव्हीचा (नसांतून संदेश किती वेगाने जातो, ती तपासणी) आणि शौचाचा रिपोर्ट त्यात आहे ना, ते पाहून घ्या. लस दिलेल्या दवाखान्यातून बिल आणि लसीचं नाव, बॅच नंबर, मुदत लेखी घ्या. बॅच नंबर नसेल तर उत्पादनातल्या दोषाबद्दल बोलताच येत नाही.

दुष्परिणामाची नोंदही लगेच करा. उपचार करणारे डॉक्टर एईएफआयचा (लसीनंतरच्या त्रासाच्या नोंदीचा) फॉर्म भरू शकतात, किंवा तुम्ही स्वतः 1800-180-3024 या टोल-फ्री क्रमांकावर कळवा. यातून पैसे मिळत नाहीत, पण तारखेसह सरकारी नोंद राहते.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे मुदत दोन वर्षांची. कंपनीचं कार्यालय कुठेही असो, तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नागपूरच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. लसीसाठी तुम्ही मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मात्र कंपनीच्या माहितीपत्रकात जीबीएसचा इशारा छापलेला असेल, तर ‘धोका सांगितला नाही’ हा मुद्दा पडतो. डॉक्टरांवरचा दावा तेव्हा उभा राहतो, जेव्हा वडिलांना आधीच्या लसीनंतर सहा आठवड्यांत जीबीएस झालेला होता आणि तरी विचारपूस न करता लस टोचली. यातलं काहीच नसेल, तर वकिलाच्या फीवर पैसे घालू नका, असंच आमचं मत आहे.

त्यापेक्षा मेडिक्लेमच्या मागे लागा. आयव्हीआयजी, म्हणजे जीबीएसवर शिरेतून देतात ते अँटिबॉडींचं औषध, वजनाच्या किलोमागे एकूण 2 ग्रॅम लागतं. 60 किलोच्या माणसाला 120 ग्रॅम. खरा खर्च तिथेच होतो, आणि तो क्लेम करताना आजार कशामुळे झाला हे सिद्ध करावं लागत नाही. क्रिटिकल इलनेस पॉलिसीवर मात्र भिस्त ठेवू नका : तिच्यातला ‘पक्षाघात’ मेंदूच्या किंवा मज्जारज्जूच्या आजाराचा असावा लागतो, आणि जीबीएस त्याबाहेरच्या नसांचा आहे.

प्रश्न : दंडात लसीची सुई टोचताच बोटांपर्यंत झिणझिणी गेली. आता मनगट वर उचलत नाही. हेही तसंच का? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : नाही, तुमची बाजू बरीच भक्कम आहे. लस खांद्याच्या हाडाच्या टोकाखाली दोन-तीन बोटांवर, जाड स्नायूत द्यायची असते. सुई फार खाली आणि मागे गेली तर मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची रेडियल नस सुईखाली सापडते आणि मनगट लोंबतं. इथे चूक जागेची, म्हणून टोचल्याच्या खुणेचा फोटो खांद्याचं टोक दिसेल असा आजच काढून ठेवा.

एनसीव्ही-ईएमजीची (नसा आणि स्नायूंच्या तपासणीची) घाई नको. पहिल्या आठवड्यातला रिपोर्ट बऱ्याचदा नॉर्मल येतो आणि पुढे तोच तुमच्याविरुद्ध दाखवला जातो. तीन आठवड्यांनंतर तपासणी करा. आधी झालीच असेल तर पुन्हा करा. तोवर मनगटाला स्प्लिंट आणि फिजिओथेरपी सुरू ठेवा, बिलं जपा. नस नेमकी कुठे दुखावली, हे न्यूरोलॉजिस्टकडून लेखी घ्या आणि मगच दवाखान्याला नोटीस पाठवा.