हळदीतल्या कर्क्युमिनपासून रेणूंचा चौरस जमेल का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. सांगलीत हळदीला तोटा नाही, तर एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कर्क्युमिन हे हळदीचे पिवळे रंगद्रव्य लिगंड (धातूला धरणारा रेणू) म्हणून घेऊन, कोपऱ्यांवर धातू आणि बाजूंना लिगंड असा आपोआप जुळणारा चौरस करता येईल का. आणि पॅलॅडियम व ४,४'-बायपिरिडीन घेऊन केलेल्या प्रयोगात, सिल्व्हर नायट्रेट ‘थोडे जास्तच’ घातलेले असताना, पांढुरका साका का बसला.

कर्क्युमिनचा मोह सोडावा. धातूला चिमट्यासारखी धरणारी जागा त्याच्यात एकच, मधल्या बीटा-डायकीटोनची (दोन ऑक्सिजनांनी धातू धरणाऱ्या गटाची), असल्यामुळे एका धातूभोवती दोन-तीन कर्क्युमिन बसतात आणि बांधकाम तिथेच थांबते. बाजू व्हायची तर दोन्ही टोकांनी धरणारा आणि मध्ये न वाकणारा रेणू हवा. हळदीचा धागा सोडवतच नसेल तर एका बेंझीन कड्यावर समोरासमोर दोन बीटा-डायकीटोन बसवलेला लिगंड पाहा. तसे सहा लिगंड आणि फेरिक लोहाचे चार अणू मिळून चतुष्फलक तयार होतो.

तुमच्या चौरसात काटकोन पुरवतो तो पॅलॅडियम. त्याच्या एका प्रतलातल्या चार जागांपैकी शेजारच्या दोन एथिलीनडायअमाइन हा छोटा लिगंड अडवतो, उरलेल्या दोन काटकोनात राहतात आणि सरळ बायपिरिडीन बाजूचे काम करते. जपानी रसायनशास्त्रज्ञ माकोतो फुजिता यांनी १९९० मध्ये दाखवलेला चौरस हाच. कोन किती नेमका लागतो, हे त्यांच्याच गटाच्या २०१० मधील कामावरून कळते: अडवणूक न केलेल्या पॅलॅडियमसोबत दोन वाकड्या लिगंडांचे मिश्रण घेतले असता सरासरी कोन सुमारे १३१ अंश असेपर्यंत १२ धातू व २४ लिगंडांचा गोल मिळाला, तर १३४ अंशांना थेट २४ व ४८ यांचा.

साक्याचा दोष मात्र कोनाचा नसून, माझ्या मते, चांदीचा आहे. सिल्व्हर नायट्रेट घालायचे ते पॅलॅडियमवरचे क्लोराइड काढण्यापुरतेच; त्यातून उरलेली चांदी बायपिरिडीन पकडून न विरघळणाऱ्या लांब साखळ्या करते. साताऱ्यात काम सुरू केले तेव्हा मीही तराजूवर विश्वास न ठेवता चिमूटभर जादा टाकली होती आणि आठवडाभर बिचाऱ्या पॅलॅडियमला दोष देत बसलो होतो. एथिलीनडायअमाइन असलेल्या पॅलॅडियम डायक्लोराइडच्या एका मोलला सिल्व्हर नायट्रेटचे बरोबर दोन मोल घ्यावेत, अंधारात ढवळून सिल्व्हर क्लोराइड सेलाइटमधून (गाळण्यासाठीच्या बारीक पुडीतून) गाळावे आणि बायपिरिडीन घालण्यापूर्वी गाळलेल्या द्रावणाचे दोन थेंब काचपट्टीवर वेगवेगळे ठेवावेत. एकात मिठाचे पाणी टाकल्यावर गढूळपणा आला तर चांदी उरली आहे. दुसऱ्यात सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर आला तर क्लोराइड उरले आहे. दोन्ही थेंब नितळ राहिले तरच पुढे जावे.

प्लॅटिनम घेण्याचा विचार या टप्प्यावर नको. पॅलॅडियमचा बंध सुटतो आणि पुन्हा जुळतो, म्हणून चुकीच्या जागी बसलेला लिगंड निसटून योग्य जागी येऊ शकतो. प्लॅटिनमला त्याच कामासाठी दीर्घकाळ उष्णता द्यावी लागते. एनएमआरमध्ये (रेणूतल्या हायड्रोजनांचे संकेत टिपणाऱ्या तपासणीत) बायपिरिडीनचे दोनच संकेत दिसले तर आकार सममित आहे. पुढे लांब लिगंड वापरल्यावर संकेतांची दुसरी जोडी दिसली तर घाबरून नमुना फेकू नका, द्रावण विरळ करून पुन्हा मोजा: ती जोडी वाढली तर चौरसासोबत त्रिकोणही तयार होत असण्याची शक्यता दाट आहे.