कागद नाही म्हणजे सौदा नाही?

प्रश्न : वकीलताई, एक व्यापारी बाग बघून गेला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 38 रुपये किलो भाव दिला. मी लिहिलं, "सगळा माल 40 ला देतो, काढणी 10 तारखेपासून." त्याने नुसता अंगठा टाकला आणि संध्याकाळी 25 हजार इसार यूपीआयने पाठवला. आता बाजार 28 वर आलाय, 10 तारीख होऊन गेली, आणि तो म्हणतो कागद नाही, सही नाही, स्टॅम्प नाही, मग सौदा कसला, इसार परत दे. माल वेलीवरच आहे. काय करू? – द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : भाव पडला की कागद आठवतो, ही जुनीच रीत. 1872 च्या करार कायद्यात अशा मालाच्या सौद्याला लेखी कागद लागतोच असं कुठे नाही. तोंडी ठरलं तरी चालतं, फक्त सिद्ध करता आलं पाहिजे, आणि तुमच्याकडे तर चॅट आहे.

आता ते चॅट नीट बघू. 38 हा त्याचा प्रस्ताव. तुम्ही 40 म्हणालात तिथेच तो संपला, कारण होकार जसाच्या तसा द्यावा लागतो, "हो, पण" म्हटलं की तो होकार राहत नाही, तुमचा नवा प्रस्ताव होतो. म्हणजे हो-नाही त्याने करायचं होतं. त्याने अंगठा टाकला. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात 2023 मध्ये जवसाच्या सौद्यात कोर्टाने अंगठ्याला होकार धरलं (तिथे अडकला तो शेतकरी!), पण तो निकाल आपल्या कोर्टांना बांधील नाही आणि नुसत्या अंगठ्यावर मी भिस्त ठेवणार नाही, "मेसेज बघितला एवढंच" असं तो खुशाल म्हणेल. तुमचं खरं बळ इसारात आहे. 40 चा मेसेज वाचल्यावर त्याने पैसे पाठवले, भाव मान्य नव्हता तर पैसे कशाचे? वागण्यातून दिलेला होकारही कायद्याला चालतो.

केस कुठे करायची हेही लोक विचारतात. खामगावची एक जिनिंग मिल आणि अहमदाबादचे व्यापारी यांच्यात सरकी पेंडीचा सौदा फोनवर झाला होता, त्यात 1965 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की होकार जिथे ऐकू आला तिथे करार झाला, म्हणजे अहमदाबादला. पोस्टाने होकार पाठवला तर नियम वेगळा, पण ते राहू दे. तुम्हाला होकार निफाडला मिळाला, त्यामुळे तिथल्या कोर्टात जायला चांगला आधार आहे.

पण कोर्टाच्या आधी माल. केस जिंकू म्हणून घड वेलीवर सडू दिले तर ते नुकसान तुमच्याच अंगावर येईल, कायदा म्हणतो नुकसान कमी करायचा प्रयत्न तुम्हीही केला पाहिजे. त्याला आजच मेसेज टाका की अमुक तारखेपर्यंत गाडी लावा, नाहीतर माल दुसऱ्याला देऊन फरक तुमच्याकडून घेईन. नाही आला तर मिळेल त्या रास्त भावात विका, काट्याच्या पावत्या जपा. 28 ला गेला तर किलोमागे 12 रुपये मागता येतात, त्यातून इसार वजा. आणि ते चॅट डिलीट करू नका, फोनही बदलू नका, कोर्टात चॅट दाखवताना साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट, म्हणजे ते चॅट कोणत्या फोनमधून कसं काढलं याचा दाखला, लागतं. दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो.

प्रश्न : माझ्या 17 वर्षांच्या मुलाने एका ऑनलाइन क्लासवाल्याला फोनवर "हो" म्हटलं, आता ते वर्षभराची फी मागतायत, रोज फोन. द्यावी लागेल का? – एक आई, सोलापूर

उत्तर : नाही. 18 च्या आतल्या मुलाचा करार मुळातच रद्द असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं अपील कोर्ट) 1903 मध्येच सांगून ठेवलंय, तिथे तर कलकत्त्याच्या एका अल्पवयीन मुलाने घर गहाण टाकलं होतं, तेही टिकलं नाही. फक्त एक बघा, फॉर्मवर पालक म्हणून तुम्ही किंवा मुलाच्या बाबांनी सही केली असेल किंवा ओटीपी सांगितला असेल तर गोष्ट वेगळी, मग तो करार तुमचा ठरू शकतो. तसं काही नसेल तर जन्मतारखेचा पुरावा जोडून एक ईमेल टाका आणि फोन उचलणं बंद करा.