केंटकीतल्या मूळ पुरुषाचा माग

प्रश्न : आमची सून अमेरिकन आहे. तिचा मूळ पुरुष १७८० च्या सुमारास व्हर्जिनियातून केंटकीत येऊन वसला, असं तिच्या माहेरी सांगतात. जन्माचा दाखला शोधला, १७९० ची जनगणना शोधली, काहीच मिळालं नाही. नातवंडांसाठी वंशावळ करायची आहे. कुठून सुरुवात करावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : जन्मदाखल्याचा नाद सोडा. केंटकीत राज्यभर जन्म-मृत्यूची नोंद नेमाने सुरू झाली ती १९११ मध्ये. १७९० आणि १८०० च्या तिथल्या जनगणनेचे कागद नष्ट झालेत. हाती लागते ती १८१० ची, आणि १८५० च्या आधी नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बाकीची मंडळी वयोगटांप्रमाणे नुसती मोजलेली.

मूळ पुरुषापासून खाली उतरू नका, सुनेपासून वर चढा. १८८० च्या गणनेत प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आईवडिलांचं जन्मस्थान सापडतं, १८५० च्या गणनेत गुलाम नसलेल्या प्रत्येकाचं नाव. १८९० ची गणना बहुतेक सगळी गेली. तो खड्डा विवाहनोंदी आणि मृत्युपत्रांनी भरावा लागतो.

त्याच्याही मागे गेलात की काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, घोळ. १७८० मध्ये, तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग असलेल्या केंटकी काउंटीच्या जेफरसन, फेयेट आणि लिंकन अशा तीन काउंट्या झाल्या, १ जून १७९२ ला केंटकी वेगळं राज्य झालं आणि काउंट्या पुढेही फुटतच राहिल्या. एकाच शेतावर आयुष्य काढलेला माणूस त्यामुळे तीन काउंट्यांच्या दप्तरांत सापडू शकतो. जुने कागद बहुधा मूळ काउंटीतच राहतात. म्हणून ती काउंटी कुठून फुटली, हे आधी पाहा.

खरा खजिना जमिनीच्या कागदांत आहे. व्हर्जिनियाच्या १७७९ च्या कायद्याने १ जानेवारी १७७८ पूर्वी वसलेल्याला ४०० एकरांवर हक्क मिळे आणि लगतचे १००० एकर इतरांआधी विकत घेता येत. वॉरंट (इतके एकर घेण्याचा परवाना), एंट्री (कोणती जागा हवी त्याची नोंद), मोजणी आणि ग्रांट (मालकीचा शेवटचा कागद) अशा चार पायऱ्या असत. केंटकीच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या लँड ऑफिसने हे कागद संकेतस्थळावर मोफत ठेवलेत. फक्त ग्रांट पाहून थांबू नका. वॉरंट विकता येई, त्यामुळे ग्रांट दलालाच्या नावावर आणि वसाहतवाल्याचं नाव मधल्याच हस्तांतरात, असं होतं. मोजणीत ओढा, खुणेची झाडं, शेजारी आणि मोजणीची साखळी धरणारे यांची नावं असतात. साखळीवाला बऱ्याचदा भाऊ, मेहुणा किंवा मुलगा निघतो. अंतर ‘पोल’मध्ये असतं, एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. एकाच जमिनीवर दोघा-तिघांचे दावे पडल्याने खटले भरपूर झाले. त्याचा तुम्हाला फायदाच: साक्षीदार आपलं वय आणि कोणत्या साली आलो, हे शपथेवर सांगे.

मग करयाद्या. १७८७ पासूनच्या याद्या फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर मिळतात. सुट्या पाहू नका, एका काउंटीच्या सलग वर्षांचा तक्ता मांडा. मुलगा २१ चा झाला की त्याचं नाव स्वतंत्र येतं. बापाचं नाव जाऊन बायकोचं आलं, तर त्या दोन वर्षांच्या मध्ये तो वारला असावा. एकाच नावाची दोन माणसं असतील तर एकर आणि ओढ्यावरून वेगळी काढा. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ म्हणजे बाप-लेक असं त्या काळी ठरलेलं नव्हतं. काका-पुतण्या किंवा नुसते गाववालेही असत.

मूळ पुरुष अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला असेल तर १८३२ च्या कायद्याखालचा निवृत्तिवेतनाचा अर्ज शोधा. त्यात जन्मस्थळ, वय आणि कुठे कुठे राहिलो हे न्यायालयात सांगितलेलं असतं. विधवांच्या अर्जांना कधी घरच्या बायबलातून फाडलेली जन्म-लग्नांची पानंही जोडलेली आहेत. मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या यादीत गुरांच्या ओळीनंतर गुलामांची नावं आणि किंमत दिसली तर ती उतरवून घ्या. त्यांच्या वंशजांना पूर्वजाचं नाव सापडण्याची ती एकमेव जागा असू शकते.

प्रश्न : एका साइटवर ११ पिढ्यांची वंशावळ तयारच मिळाली. घ्यावी का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : टिपण म्हणून घ्या. प्रत्येक जोडाला त्या काळचा कागद हवा. केंटकीत १७६० चा जन्म दाखवला असेल तर ती शाखा तिथेच थांबवा. हॅरड्सबर्ग हे तिथलं पहिलं कायमचं गाव १७७४ मध्ये वसलं. डीएनए करायचा असेल तर त्या आडनावाच्या सलग पुरुष-वंशातल्याचा वाय-डीएनए (बापाकडून फक्त मुलाकडे जाणारा डीएनए) करा. सुनेची चाचणी इतक्या पिढ्या मागे फारसं सांगणार नाही.