ट्रॅफिक दिसलं म्हणजे काय दिसलं?

प्रश्न असा आलाय की वॉशिंग्टनला प्रवासी विमान आणि हेलिकॉप्टरची टक्कर झाली, त्या अपघाताच्या एका मराठी बातमीत "हेलिकॉप्टरच्या वैमानिकांनी वाहतूक दिसत असल्याचे सांगून दृश्य विलगीकरणाची परवानगी मागितली" असं वाक्य होतं, त्याचा अर्थ काय आणि मराठीत ते कसं लिहायचं.

आधी ट्रॅफिक, म्हणजे बातमीतली 'वाहतूक'. आपल्याकडे ट्रॅफिक लागतं ते कोंडी असली की, पण विमानवाल्यांच्या बोलण्यात आसपासचं एकुलतं एक विमानसुद्धा ट्रॅफिकच. १९९६ साली दिल्लीजवळच्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसं गेली, त्याच्या जरा आधी दिल्लीच्या कंट्रोलरने, म्हणजे जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्याने, कझाक विमानाला सांगितलं होतं की समोरून ट्रॅफिक येतंय, दिसलं की कळवा. ते ट्रॅफिक म्हणजे ते सौदी विमान. म्हणून तिथे सरळ 'दुसरं विमान' लिहावं, 'वाहतूक' लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

आता सेपरेशन, म्हणजे बातमीतलं 'विलगीकरण'. विलगीकरण म्हटलं की करोनातली बंद खोली आठवते, तो शब्द इथे नकोच. दोन विमानांत नियमाने राखायचं अंतर म्हणजे सेपरेशन, चरखी दादरीला ते उंचीचं होतं, एक १५ हजार फुटांवर आणि दुसरं १४ हजारांवर, आणि वरचं खाली उतरलं. मग व्हिज्युअल सेपरेशन म्हणजे 'नजरेने अंतर राखणं'. पण यात मुख्य गोष्ट जबाबदारीची आहे, पायलट "ट्रॅफिक इन साइट" (ट्रॅफिक दिसतंय) म्हणाला आणि कंट्रोलरने मान्य केलं, की मग त्या विमानापासून लांब राहायचं काम पायलटचं. बातमीच्या वाक्यात हे अजिबात उतरलं नाही आणि मला तेच सगळ्यात जास्त खटकलं, कारण २९ जानेवारी २०२५ च्या त्या रात्री ६७ माणसं गेली, आणि दिसतंय असं सांगणं आणि खरोखर तेच विमान दिसणं यात केवढा फरक आहे.

कोणी विचारेल की कॉकपिटमध्ये पडदा असतो ना? असतो, टीकॅसचा, म्हणजे टक्कर टाळायला सावध करणाऱ्या यंत्रणेचा. त्यावर इतर विमानं पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात दिसतात, धोका वाढला की पिवळा गोल होतो आणि "ट्रॅफिक, ट्रॅफिक" असा आवाज येतो, आणखी वाढला की लाल चौकोन होतो आणि वर जा किंवा खाली जा असा हुकूम येतो, जो कंट्रोलरच्या सूचनेच्याही वरचा. पण जमिनीजवळ तो हुकूम बंद ठेवलेला असतो, वॉशिंग्टनची टक्कर जेमतेम ३०० फुटांवर झाली, प्रवासी विमानात नुसतं "ट्रॅफिक, ट्रॅफिक" वाजलं. शिवाय टीकॅसला दुसऱ्या विमानाची दिशा ढोबळच कळते, त्यामुळे नुसता तो पडदा बघून स्वतःहून विमान वळवायचं नसतं.

एडीएस-बी इन नावाच्या सोयीचा पडदा वेगळा, त्यात दुसरं विमान स्वतःची जीपीएसची जागा पाठवतं, सोबत त्याची ओळख आणि वेगही दिसतो. अमेरिकन एअरलाइन्सच्या ए३२१ विमानांवर ही सोय आहे, समोरचं विमान एकदा खिडकीतून बघून पडद्यावरच्याशी जुळवलं की पुढे धुरकटात ते दिसेनासं झालं तरी पडदा बघून अंतर राखता येतं. याला मी 'पडद्याच्या मदतीने नजरेचं अंतर' म्हणेन, लांबलचक आहे खरं, पण 'नजर' त्यात राहायलाच हवी कारण सुरुवात खिडकीतूनच करावी लागते.

तर ते वाक्य असं: "दुसरं विमान आम्हाला दिसतंय, त्याच्यापासून अंतर आम्हीच राखतो, असं म्हणून हेलिकॉप्टरच्या वैमानिकांनी परवानगी मागितली."