पियानो पंचकाच्या (पियानो आणि चार तंतुवाद्ये, बहुधा दोन व्हायोलिन, व्हायोला व चेलो) मैफलीत संचालक नसताना पाचही वादक एकाच क्षणी सुरुवात कशी करतात?

हे काम बहुधा पहिला व्हायोलिनवादक करतो: तो नाकाने श्वास घेत (पुढच्या रांगेत तो ऐकूही येतो) गज किंचित उचलतो आणि त्या हालचालीच्या वेगावरूनच इतरांना लय कळते. खरी कसोटी पियानोवादकाची असते, कारण पियानोच्या आतली हातोडी तारेवर आदळताच स्वर उमटतो, तर गजाने काढलेला स्वर भरायला निमिषभर लागू शकतो. म्हणून मुरलेला पियानोवादक केवळ इशाऱ्यावर न विसंबता गज तारेला कधी भिडतो, इकडे लक्ष ठेवतो. जर्मन संगीतकार शूमानच्या १८४२ मधील पियानो पंचकात पाचही वाद्ये पहिल्याच स्वरापासून जोरकसपणे एकत्र वाजतात. तेथे किंचितही मागेपुढे झालेले माझ्या मते लपत नाही.